गच्चीवरची सून आणि स्कार्फमधली लेक

पत्र

"डॉक्टर, स. न. वि. वि. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये असतो, सून तिकडचीच. जानेवारीच्या शेवटी दोघं दीड महिन्यासाठी आली आहेत. पोरगी गुणाची आहे, भाकरी थापायला शिकतेय. पण रोज साडेअकरा ते दीड गच्चीवर चटई टाकून उन्हात पडते. परत जाताना अंगाला छान तांबूस रंग चढलेला हवा, असं म्हणते. तिचे केस लालसर, अंगावर तपकिरी ठिपके. गेल्या आठवड्यात खांदे आणि पाठ लालभडक झाली, रात्रभर तिला कुशीवर वळता येईना. मी कोरफड लावली. तेव्हा पाठीवर एक तीळ दिसला, कडा वेड्यावाकड्या, दोन रंगांचा. आग थांबल्यावर बाईसाहेब पुन्हा गच्चीवर. म्हणते, 'आता कातडी तयार झाली, पुन्हा भाजणार नाही.' हे खरं का? पुढच्या आठवड्यात महाबळेश्वर आणि तिथून गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं बघत उभी राहतात, तो ताप वेगळाच.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीची. वय २४, रंगाने सावळी. स्कूटीवर निघाली की डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, हातात मोजे. मैत्रिणीने सांगितलेली एक ट्यूब वर्षभर रोज रात्री चेहऱ्याला लावते. आता जरा उन्हात गेली की चेहरा लाल होतो, चुरचुरतो. परवा गच्चीकडे बघून मला म्हणाली, 'वहिनी विमानाचं तिकीट काढून जो रंग मिळवायला आलीय, तो मला जन्मतःच मिळालाय. आणि तू तो घालवायला दर रविवारी मला हळद-बेसन चोळायचीस.' मला काही बोलता आलं नाही. सुनेला कसं समजावू आणि मुलीला काय सांगू?

— एक आई आणि सासू, सातारा"

ताई, नमस्कार.

गच्ची, ऊन, शेजारी हे सगळं नंतर. सगळ्यात आधी तो तीळ. कडा वेड्यावाकड्या असणं आणि एकाच तिळात दोन रंग दिसणं, ही दोन्ही लक्षणं अशी आहेत की तीळ दाखवून घ्यायलाच हवा. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नसतील, तो सहा मिलिमीटरहून मोठा असेल किंवा अलीकडे बदलत असेल, तरीही दाखवावाच. गोऱ्या कातडीच्या, लालसर केसांच्या आणि ठिपके असलेल्या माणसांत मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कर्करोग आपल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त होतो. असे बरेचसे तीळ तपासल्यावर निरुपद्रवी निघतात, म्हणून घरात घबराट करू नका. पण 'परत गेल्यावर बघू' असंही करू नका. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. ते तिळाकडे खास भिंगातून बघतील आणि गरज वाटली तरच तुकडा काढून तपासणीला पाठवतील. तोपर्यंत तिळाशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर एक स्पष्ट फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे तिच्या तिकडच्या डॉक्टरांनाही तुलना करता येईल. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. कोरफड लावता लावता तुमची नजर तिथे गेली आणि तुम्ही ते लक्षात ठेवून लिहिलंत, हे फार चांगलं केलंत.

आता तिचं म्हणणं. कातडी तयार होते हे तिकडे घरोघरी ऐकायला मिळतं, त्यामुळे तिचा दोष नाही. त्यात खरं एवढंच आहे की रापलेल्या त्वचेला थोडंसं संरक्षण मिळतं. थोडंसं म्हणजे किती? सनस्क्रीनच्या भाषेत बोलायचं तर एसपीएफ ३ किंवा ४ इतकं. बाटलीवर ३ आकडा लिहिलेलं सनस्क्रीन कुणी विकतही घेणार नाही. आणि एवढंसं संरक्षण मिळवण्यासाठी शरीराला काय मोजावं लागतं ते बघा. उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये शिरतात आणि तिथल्या डीएनएला इजा करतात. इजा झाली की पेशी शेजारच्या रंगपेशींकडे रासायनिक निरोप धाडते. रंगपेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवायला लागतात आणि ते वरच्या पेशींना पोचतं करतात. तिथे ते केंद्रकाच्या उन्हाकडच्या बाजूला जमा होतं, म्हणजे पुढच्या खेपेला डीएनएवर मारा कमी व्हावा. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून खरा रंग त्याच दिवशी चढत नाही, मागाहून चढतो. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो, तसलाच हा प्रकार. घट्टा काही तब्येतीची खूण नाही, तिथे रोज घासलं गेलं याची ती खूण. डीएनएची सगळी मोडतोड पेशींना नीट सांधता येत नाही. राहिलेली चूक साठत जाते आणि तिचा हिशेब वीस-तीस वर्षांनी समोर येतो. रंग मात्र महिना-दीड महिन्यात कातडीबरोबर झडून जातो.

त्यातही तुमच्या सुनेची त्वचा रापणाऱ्यांतली नाही. अमेरिकेतल्या फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचातज्ज्ञाने १९७५ मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेची प्रतवारी मांडली, ती आम्ही आजही वापरतो. पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी भाजते, रापत कधीच नाही. सहाव्या प्रकारची गडद काळी, ती क्वचितच भाजते. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात येतो. लालसर केस आणि ठिपके म्हणजे पहिला प्रकार, फार तर दुसरा. अशा माणसांच्या रंगपेशींना निरोप पोचतो, पण त्यांच्या जनुकातच फरक असल्यामुळे तपकिरी मेलॅनिनऐवजी लालसर-पिवळसर मेलॅनिन जास्त बनतं आणि ते राखण करत नाही. तिला एवढंच विचारा: तिकडे उन्हाळ्यात भाजल्यावर कातडी निघून खालून पुन्हा पांढरीच येते, की तपकिरी होते? पांढरीच येत असेल तर गच्चीवर महिनाभर पडली तरी तिला हवा तो रंग मिळणार नाही. ठिपके वाढतील आणि भाजणं वाढेल.

शिवाय तिचा अंदाज तिकडच्या उन्हावर बेतलेला आहे, गडबड खरी इथेच होते. नेदरलँड्स ५२ अक्षांशावर, सातारा साडेसतराच्या थोडं वर. डिसेंबरात तिकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. ऐन जूनमध्ये, त्यांच्याकडच्या सर्वांत मोठ्या दिवशीही, तो ६१ अंशांच्या वर चढत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच दुपारचा सूर्य ६१ अंशांवर असतो. म्हणजे आपण ज्याला हिवाळ्याची अखेर म्हणतो तो तिच्या कातडीसाठी कडक उन्हाळा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर साताऱ्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. त्यात आपल्या पट्ट्यावरचा ओझोनचा थर तिकडच्यापेक्षा पातळ, आणि गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. असं सगळं मिळून तिच्यासारख्या त्वचेला इथे भर दुपारी लाल व्हायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ती दोन तास पडून राहते.

आणि तिला हे जाणवत का नाही? कारण साताऱ्याची हवा. फेब्रुवारीत अजिंक्यताऱ्याकडून वारा येत असतो, अंगावर छान गार वाटतं. ऊन गरम लागतं ते अवरक्त किरणांमुळे. भाजणारे अतिनील किरण मुळी जाणवतच नाहीत. लाली दिसायला तीन-चार तास लागतात आणि ती चढत चढत मध्यरात्रीच्या पुढे कळसाला पोचते. तुमच्या घरी झालं ते हेच, दुपारी काही नाही आणि रात्री कुशीवर वळता येईना.

घड्याळापेक्षा सावली बघायला शिकवा. गच्चीवर सरळ उभं राहायचं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली असेल तर ऊन भाजणारं आहे. या दिवसांत साताऱ्यात ती वेळ साधारण साडेदहा ते तीन. आपला मध्यान्हही घड्याळातल्या बाराला होत नाही, सध्या तो पाऊण वाजल्यानंतर होतो, म्हणजे साडेअकरा ते दीड हा तिने नेमका सगळ्यात जहाल तुकडा निवडला आहे. लांब सावलीच्या वेळेला, सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, तिला खुशाल गच्चीवर बसू द्या. उन्हाची भूक खोटी नसते हो. ज्या देशात ऐन हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारला सूर्य मावळतो, तिथल्या माणसाला ऊन दिसलं की अंगावर घ्यावंसं वाटणारच. सकाळी सूर्यनमस्कार घालायला तिला बरोबर घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार पार विलायतेपर्यंत नेला होता, ही गोष्ट तिला आवडेल. मुलाला म्हणावं, एक दिवस औंधला घेऊन जा.

'मी काही मशिनमध्ये झोपत नाही, नैसर्गिक ऊन घेते' असंही ती म्हणेल, कारण तिकडे रंग चढवायच्या दिव्यांचे पलंग असतात. ते वाईट आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्यांना कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. पण त्याच संस्थेने त्याच गटात सूर्यप्रकाश १९९२ मध्येच टाकला होता.

मग रंग हवाच असेल तर? ती वयाने मोठी आहे, शरीर तिचं आहे, आणि तुम्ही किंवा मी तिला कोंडून ठेवणार नाही. तिला बाटलीतला रंग लावायला सांगा. डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाचा पदार्थ असलेली लोशनं तिच्या देशात दुकानोदुकानी मिळतात. हा पदार्थ त्वचेच्या अगदी वरच्या मृत थराशी संयोग पावून तपकिरी होतो. पाच-सात दिवस टिकतो, डीएनएच्या वाटेला जात नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघायचं. फवाऱ्याचा प्रकार नको, तो श्वासात जातो. आणि अंग तपकिरी दिसलं तरी संरक्षण काहीच मिळत नाही, सनस्क्रीन लावायचंच. परत जायच्या दोन दिवस आधी हे लोशन लावलं तर विमानतळावर मैत्रिणी म्हणतील, 'किती छान रंग आलाय!' मला यात काहीही गैर वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तिला आजच विचारा: भारतात येताना तिने कुठल्या गोळ्या सुरू केल्या आहेत का? युरोपातून येणाऱ्यांना मलेरिया टाळण्यासाठी कधी कधी डॉक्सिसायक्लिन देतात. मुरुमांसाठीही ती देतात. त्या गोळीवर असताना त्वचा उन्हाला फारच हळवी होते आणि एरवी लाल झाली असती तिथे फोड येतात. चेहऱ्याला रेटिनॉलचं क्रीम लावत असेल तरी तेच. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर उन्हाने गालावर, कपाळावर वांग येऊ शकतो, आणि आलेला वांग घालवणं सोपं नसतं. हे सगळं सासूने विचारायचं म्हणजे अवघड वाटेल. तुमच्या मुलाला विचारू द्या.

खरं तर हा सगळा विषयच मुलाने काढायला हवा. तिच्या भाषेत, तिच्या बाजूला बसून. तुम्ही सांगितलंत तर त्यात तिला आपोआप शेजारपाजार, कपडे, लोक काय म्हणतील हे ऐकू येईल, आणि तब्येतीची गोष्ट बाजूलाच राहील. समोरच्या बिल्डिंगमधल्यांबद्दल तिला एक शब्दही बोलू नका. कठड्याला दोरी बांधून दोन जुन्या चादरी वाळत घाला, काम झालं. बघत उभं राहणं ही त्यांची चूक आहे, तिची नव्हे.

आता भाजलेली पाठ. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत, म्हणजे लाली आणि सोलणं दोन्ही थांबेपर्यंत, त्या भागावर ऊन अजिबात नको. साध्या गार पाण्याच्या ओल्या फडक्याने शेक द्या, बर्फ नको. कोरफड चालेल, फक्त पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक धुऊन मग आतला गर घ्या. निघणारी कातडी ओढू नका, फोड आले तर फोडू नका. पाणी, ताक, सरबत भरपूर. मोठे फोड, ताप, उलट्या किंवा गरगरणं असेल तर घरी बसू नका. आणि लिंबू! लिंबू पिळलेल्या हाताने उन्हात जाऊ देऊ नका, आणि कुणी 'काळं पडलंय, लिंबू चोळ' म्हटलं तर ऐकू नका. लिंबाच्या सालीत आणि रसात असलेली द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने जाणारे नाहीत असे काळे डाग पडतात. गच्चीवर सरबत करायची हौस असलेल्या घरांत हे मी नेमाने बघते.

सहलीचं थोडक्यात सांगते. महाबळेश्वर साताऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, सुमारे १,३५० मीटर. हवा आणखी गार, म्हणून भूल आणखी मोठी. आर्थर सीटला किंवा वेण्णा तलावात होडीत असताना टोपी, गॉगल आणि पातळ सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. गणपतीपुळ्याला वाळूवरून ऊन उलटून वर येतं, त्यामुळे छत्रीखाली बसूनही भाजतं. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरसुद्धा अतिनील किरण पृष्ठभागाच्या चाळीस टक्के असतात. सनस्क्रीन ३० किंवा ५० एसपीएफचं, यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं घ्या. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि मग सनस्क्रीनला नावं ठेवतात.

आता मुलीकडे येते. तुमचं पत्र वाचताना मी जास्त वेळ थांबले ते तिच्या वाक्यावर.

ती जे बोलली ते खरं आहे, ताई. आणि यात तुम्ही एकट्या नाही. आपल्याकडे मूल जन्मलं की आधी कानाची पाळी बघतात, पुढे कसा रंग येईल म्हणून. स्थळाच्या माहितीत 'वर्ण' असा वेगळा रकाना असतो आणि त्यात 'गव्हाळ', 'निमगोरी' असं जपून लिहिलं जातं. सावळी म्हणायची वेळ आली की पाठोपाठ 'पण नाकीडोळी नीटस' येतंच. त्या 'पण'मध्ये वाढलेली मुलगी आज वहिनीकडे बघते आहे.

गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट आहे की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातही गोऱ्या बायका छत्री घेऊनच बाहेर पडत. रापलेला रंग म्हणजे शेतावर मजुरी करणाऱ्याचा रंग. मग मजूर कारखान्यांत आणि खाणींत गेले, त्यांना ऊन दिसेनासं झालं, गल्लीबोळांत वाढलेल्या त्यांच्या मुलांना मुडदूस, म्हणजे ऊन न मिळाल्याने हाडं वाकण्याचा आजार, झाला. उन्हाला औषधाचा मान मिळाला. प्रकाशाच्या उपचारांसाठी फिन्सेन या डेन्मार्कच्या डॉक्टरला १९०३ चं नोबेल मिळालं, आल्प्सच्या डोंगरात क्षयाच्या रोग्यांना गॅलरीत उन्हात निजवू लागले. मोकळ्या हवेवरचा तोच विश्वास आपल्या पाचगणीपर्यंत आला आणि १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. १९२० च्या दशकात रापलेली कातडी तिकडे ऐटीची झाली, कारण आता ती समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी परवडणाऱ्याची खूण होती. आपल्याकडे शेतीच चालू राहिली. उसाच्या फडात, हळदीच्या रानात, तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या बाईचा रंग तो राबणारीचा, आणि सावलीत बसायला मिळणारीचा उजळ. दोन्हीकडे माणसं रंग बघतच नव्हती, कुणाला उन्हात राबावं लागत नाही आणि कुणाला उन्हात लोळायला सवड आहे, हे बघत होती. तुमच्या लेकीच्या आणि सुनेच्या कातडीत यातलं काहीच नाही. एकीत तपकिरी मेलॅनिन जास्त, दुसरीत कमी, एवढंच. आणि निव्वळ शरीराच्या दृष्टीने विचारलंत तर या अक्षांशावर राहायला तुमच्या लेकीची त्वचा सुनेच्या त्वचेपेक्षा कितीतरी सरस आहे. तिच्या त्वचेला सुरकुत्या उशिरा येतील आणि उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा धोका फार कमी राहील.

म्हणून तिला काय सांगू, असं विचारता, तर आधी माफी मागा. 'त्या काळी सगळेच करायचे' असं स्पष्टीकरण जोडू नका. हळद-बेसन चोळताना तुमच्या मनात तिच्या लग्नाची काळजी होती, माया होती, हे तिला ठाऊक आहे. तरी दर रविवारी तिला कळत होतं की आपल्यात काहीतरी घासून काढण्यासारखं आहे. तुम्ही ते तोंडाने कबूल केलंत की तिच्या मनावरचं ओझं हलकं होईल. आणि पुढे घरात कुणी पाहुण्याने 'सून किती गोरी!' म्हटलं आणि मुलगी शेजारी उभी असली तर तिथल्या तिथे विषय बदला.

तिचा स्कार्फ मात्र काढून घेऊ नका. स्कूटीवर धूळ, धूर, ऊन सगळ्यापासून तो राखतो. फक्त तिच्या बाबतीत उलटा प्रश्न आहे. दिवसभर ऑफिसात, बाहेर पडली की नखशिखांत झाकलेली, अशा सावळ्या मुलीला 'ड' जीवनसत्त्व बहुधा कमी पडतं. त्वचेत ते बनतं ते यूव्हीबी किरणांमुळे, आणि मेलॅनिन ते किरण अडवतं. म्हणून तिला वहिनीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. काचेआडून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. आणि कोवळ्या उन्हात ते फारसं बनत नाही, हे ऐकून बऱ्याच आज्या माझ्यावर रागावतात. सावली आखूड असतानाच ते बनतं. तेव्हा तिने आठवड्यातले चार-पाच दिवस अकरा-बाराच्या सुमारास वीस ते तीस मिनिटं हात आणि पाय उघडे ठेवून उन्हात बसावं, चेहरा झाकलेला असू द्या. पाठदुखी, पाय दुखणं, थकवा असेल तर रक्त तपासा आणि गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, मनाने नको. तुमच्या घरात जिला ऊन कमी हवं ती गच्चीवर आहे आणि जिला थोडं हवं ती स्कार्फमध्ये आहे. त्यांच्या वेळांची अदलाबदल केलीत तरी अर्धं काम होईल.

आणि राहिली ती ट्यूब. मला खरी चिंता या ट्यूबची वाटते. मैत्रिणीने सांगितलेली, रात्री लावायची, आणि वर्षभराने चेहरा ऊन लागताच लाल होऊन चुरचुरायला लागला, हे सगळं ऐकून तिच्यात स्टिरॉइड असावं असा मला दाट संशय आहे. औषध दुकानांत मोमेटासोन (हे स्टिरॉइड), हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशा तिघांचं मिश्रण असलेली क्रीमं मिळतात. वांगावर ती थोडे आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. आपल्याकडे लोक ती गोरं व्हायचं क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात. त्याने चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, मुरूम येतात, कधी हनुवटीवर लव वाढते. सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी चिठ्ठी न मागता ती हातात पडतात.

तिला रागावू नका आणि ट्यूब कचऱ्यात फेकू नका. बऱ्याच दिवसांचं स्टिरॉइड एकाएकी बंद केलं की चेहरा आठवडाभरात पेटून उठतो. मुली घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतात आणि त्या चक्रातून बाहेर पडणं अवघड होतं. सोडायची ती हळूहळू, दुसरं सौम्य औषध जोडीला घेऊन, आणि पहिले काही आठवडे वाईट जाणार हे आधीच सांगून. डॉक्टरांना दाखवेपर्यंत ट्यूबखेरीज चेहऱ्याला साधं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, बाकी काही नाही. हळद नाही, बेसन नाही, दही नाही, फेशियल-ब्लीच तर अजिबात नाही.

तीळ दाखवायला सुनेला नेणारच आहात, तर त्याच दिवशी लेकीचीही वेळ घ्या. जाताना ट्यूब बरोबर न्या. खोकं टाकून दिलं असेल तर ट्यूबवर बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, त्यांचा फोटो चालेल. किती महिने, दिवसातून किती वेळा, चेहऱ्याच्या कुठल्या भागावर लावली, हे तिच्याकडूनच कागदावर लिहून घ्या आणि डॉक्टरांशी बोलताना तिला एकटीला आत जाऊ द्या.